मूळ स्वतःच अमिनो आम्लं बनवतं, मग बाटलीतलं कशाला?

प्रश्न असा आहे. तीन एकर द्राक्षबाग, डॉगरिज या जातीच्या खुंटावर कलम केलेली थॉमसन जातीची द्राक्षं. शिवाय दोन एकर सोयाबीन. ऑक्टोबर छाटणीनंतर दुकानातून अमिनो अ‍ॅसिडची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं, सुचवली गेली, "मुळाला तयार अमिनो मिळालं की पांढरी मुळी (नवी, कोवळी मुळं) जोरात चालते" म्हणून. घरात अकरावीला असलेली मुलगी म्हणाली, झाडं सगळी अमिनो आम्लं स्वतःच बनवतात. तेव्हा विचारणं हे, की ती बनतात पानात की मुळात, मुळात बनत असतील तर वर कशी जातात, आणि बाहेरून दिलेली मुळाला घेता येतात का.

मुलगी बरोबर बोलली. दुकानदारही अगदीच चूक नाही, पण त्याचा हिशोब चुकलाय. तो शेवटी करू, कारण मधलं समजल्याशिवाय तो पटणार नाही. माझी बरीच वर्षं मुळातून वर चढणारा रस गोळा करून त्यात काय आहे ते मोजण्यात गेली, त्यामुळे उत्तर लांबेल.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. माणसाला अशा वीस अमिनो आम्लांपैकी नऊ ताटातूनच मिळवावी लागतात. झाडाला एकही नाही. आणि हे काम फक्त पानात चालतं हा समज चुकीचा आहे. याचा जुना आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा १९३४ सालचा. फिलिप व्हाइट या अमेरिकन संशोधकानं टोमॅटोच्या मुळाची टोकं कापून काचेच्या चंबूत वाढवली. ना खोड, ना पान. चंबूत साखर, क्षार आणि थोडा यीस्टचा अर्क. मुळं वाढत राहिली. टोक कापून नव्या चंबूत टाकलं की पुन्हा वाढायची. पुढे कळलं की यीस्टमधून मुळाला हवं होतं ते मुख्यतः थायमिनसारखं ब-जीवनसत्त्व. म्हणजे झाडापासून तोडलेलं मूळ नायट्रेट आणि साखर घेऊन आपली प्रथिनं उभी करू शकतं. या चंबूत पान नाही म्हणून बाहेरून काय द्यावं लागलं, ते लक्षात ठेवा: साखर. पुढचं सगळं तिथेच येऊन थांबणार आहे.

आता हे बनतं कसं. तुम्ही दिलेला युरिया जमिनीत काही दिवसांत अमोनियम होतो आणि हवा खेळती असलेल्या जमिनीत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. त्यामुळे बागेत मुळाच्या वाट्याला येतो तो बहुतेक नायट्रेट, भातखाचरात मात्र अमोनियम. नायट्रेट मुळाच्या पेशीत आलं की त्याचं आधी नायट्राइट होतं. हे करणारं विकर (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) नायट्रेट रिडक्टेज. त्याच्या पोटात मॉलिब्डेनम असतं, म्हणून इतक्या नगण्य प्रमाणात लागणाऱ्या त्या अन्नद्रव्याचं एवढं कौतुक. नायट्राइट पेशीला विषारी, त्यामुळे ते साठू न देता प्लास्टिड नावाच्या कप्प्यात नेऊन त्याचं अमोनियम केलं जातं. पहिल्या पायरीला दोन इलेक्ट्रॉन लागतात, दुसरीला सहा. एका नायट्रेटमागे एकूण आठ.

हे आठ इलेक्ट्रॉन आणायचे कुठून, इथे पान आणि मूळ यांत फरक पडतो. पानात ऊन असतं. प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतूनच हा खर्च भागतो, जवळजवळ फुकटात. मुळाला ऊन नाही. त्याला पानानं खाली पाठवलेली साखर जाळून ते मिळवावे लागतात, आणि साखर नीट जाळायला प्राणवायू लागतो. पानात उजेडावर चालणारी गिरणी मुळात डिझेलवर चालवायची, असा हा प्रकार आहे.

अमोनियम तयार झाल्यावर, किंवा भातात थेट आत आल्यावर, ते ताबडतोब बांधून टाकावं लागतं. ही पायरी मी विद्यार्थ्यांना विरजणाच्या उदाहरणानं सांगतो. ग्लुटामेट हे अमिनो आम्ल पेशीत आधीपासून थोडं असावंच लागतं. ग्लुटामाइन सिंथेटेज हे विकर ग्लुटामेटला अमोनियम जोडतं, त्याचं ग्लुटामाइन होतं. मग गोगॅट नावाचं दुसरं विकर ते ग्लुटामाइन आणि साखरेच्या ज्वलनातून काढलेला पाच कार्बनचा एक सांगाडा एकत्र घेऊन दोन ग्लुटामेट तयार करतं. दोनातलं एक पुढच्या खेपेला विरजण म्हणून राहतं, दुसरं नफ्यात. दही लावायला दही लागतं तसं ग्लुटामेट बनवायला ग्लुटामेट लागतं, आणि दर खेपेला एकाचे दोन होतात.

ही फेरी कळायला वेळ लागला. १९७० पर्यंत पाठ्यपुस्तकं वेगळ्याच विकराचं नाव सांगत होती, ग्लुटामेट डिहायड्रोजिनेजचं. ते झाडात असतं हे खरं, पण त्याला काम करायला अमोनियम भरपूर साचलेलं लागतं, आणि जिवंत पेशीत ते तसं साचत नाही. १९७० मध्ये टेम्पेस्ट आणि सहकाऱ्यांनी जिवाणूत गोगॅटची वाट दाखवली, १९७४ मध्ये ली आणि मिफ्लिन यांनी ती वनस्पतीत दाखवली. जुन्या नोट्सवरून शिकवणाऱ्यांच्या वर्गात अजूनही पहिलाच मार्ग मुख्य म्हणून सांगितला जातो. मुलीच्या पुस्तकात तसं असेल तर तिला हे वाचून दाखवा.

ग्लुटामेट आलं की बाकीच्यांची सोय होते. त्याच्यावरचा नत्राचा गट उचलून दुसऱ्या सांगाड्यावर बसवणारी विकरं पेशीत अनेक आहेत. सांगाडा बदला, अमिनो आम्ल बदललं. काहींची वाट मात्र लांब असते. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन या तिघांची सुरुवात एकाच विकरानं होते, आणि तुमच्या सोयाबीनमध्ये तणासाठी जे इमॅझेथापायर मारलं जातं ते नेमकं याच विकराला अडवतं. सोयाबीन ते औषध पटकन मोडून टाकतं म्हणून वाचतं, तणाला ते जमत नाही. याच विकरावर काम करणारं क्लोरसल्फ्युरॉन हे तणनाशक नेमकं काय अडवतं याचा शोध घेताना १९८४ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला: तोडून वाढवलेली वाटाण्याची मुळं औषधानं थांबली, आणि द्रावणात व्हॅलिन व आयसोल्युसिन टाकल्यावर पुन्हा वाढायला लागली. व्हाइटच्या चंबूनं जे सांगितलं तेच इथे उलट बाजूनं दिसलं. मूळ ही आम्लं स्वतः बनवत होतं, म्हणूनच ती बंद पडल्यावर अडलं. आणि बाहेरून दिलेली त्याला घेता आली, हेही त्यातच दिसलं. दुकानदाराच्या बाजूचा हा मुद्दा मी लपवत नाही.

मग पानात किती आणि मुळात किती? हे झाडावर आणि नायट्रेटच्या मात्रेवर आहे. बांधावर वाढणारा शंकेश्वर, ज्याची काटेरी फळं धोतराला चिकटतात, जवळजवळ सगळं नायट्रेट जसंच्या तसं पानात पाठवतो आणि तिथेच कामाला लावतो. पांढरं ल्युपिन हे शेंगावर्गातलं पीक याच्या उलट, बहुतेक काम मुळातच उरकतं. बरीचशी पिकं या दोघांच्या मधे. द्राक्षवेल दोन्हीकडे करते. नायट्रेट बेताचं असेल तेव्हा मूळ ते स्वतःच हाताळतं. एकदम जास्त आलं की मुळाची कुवत संपते आणि उरलेलं कच्चंच वर जातं. मोठा डोस एकदम सोडण्याऐवजी ठिबकमधून थोडं थोडं द्या, असं सांगतो ते फक्त निचऱ्यात वाया जाऊ नये म्हणून नाही.

आता वाहतूक, कारण प्रश्नातला तो भाग मला सगळ्यात रंगतदार वाटला. मुळाचा आडवा छेद डोळ्यापुढे आणा. बाहेर साल, तिच्या आत पेशींचे थर, मग अंतस्त्वचा नावाची एक पेशी जाडीची गोल भिंत, आणि तिच्या आत मधोमध मुळातून पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या आणि पानातली साखर खाली आणणाऱ्या रसवाहिन्या. अंतस्त्वचेच्या पेशींमधल्या फटी पाणी अडवणाऱ्या एका पट्टीनं लिंपलेल्या असतात. रॉबर्ट कॅस्परी या जर्मन संशोधकाच्या नावानं ती ओळखली जाते. फटीतून झिरपत कुणी आत जाऊ शकत नाही. आत जायचं तर पेशीतूनच जायचं, म्हणजे झाड प्रत्येक रेणूला विचारून आत घेतं.

बाहेरच्या थरातल्या पेशीत बनलेलं ग्लुटामाइन आतल्या पेशीत जातं ते बारीक सेतूंतून. शेजारच्या पेशी अशा सेतूंनी जोडलेल्या असतात, मधे पडदा ओलांडावा लागत नाही, त्यामुळे हा प्रवास सोपा. भाताच्या मुळात अमोनियम मिळाल्यावर ग्लुटामाइन सिंथेटेज आणि गोगॅट अगदी बाहेरच्या थरांत वाढतात हे जपानी संशोधकांनी दाखवलं आहे: माल वेशीवरच उतरवून घ्यायचा आणि पक्का करूनच आत पाठवायचा. कच्चं अमोनियम आत भटकू द्यायचं नाही.

खरी अडचण शेवटच्या टप्प्यावर. जलवाहिनी ही मेलेल्या पेशींची पोकळ नळी. तिच्या कडेच्या जिवंत पेशींतून अमिनो आम्ल त्या नळीत सोडायचं तर पडदा ओलांडून बाहेर टाकावं लागतं. आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांची माहिती आधी झाली, १९९३ मध्ये त्यातलं पहिलं हाती लागलं. बाहेर सोडणारी मात्र बरीच उशिरा सापडली. त्यांच्या एका मोठ्या घराण्याला युमामिट म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांनी 'उमामी' या चवीच्या शब्दाशी खेळ केला आहे, कारण ती चव ग्लुटामेटचीच. चायनीजच्या गाडीवर पांढरी पावडर भुरभुरतात ती हीच. शास्त्रज्ञांना विनोदाची हौस असते, आम्हाला तो पाठ करावा लागतो.

वीस प्रकार बनतात, तरी वर जाणाऱ्या रसात सगळे सारखे नसतात. द्राक्षाच्या रसात ग्लुटामाइनचं राज्य असतं. वाटाणा, हरभरा यांच्यात अ‍ॅस्पराजिन जास्त. कारण वाहतूकदाराचं आहे. ग्लुटामाइनमध्ये पाच कार्बनमागे दोन नत्र, अ‍ॅस्पराजिनमध्ये चारामागे दोन. कार्बन म्हणजे पानानं मेहनतीनं पाठवलेली साखर. ती मुळानं परत वर पाठवायची तर कमीत कमी पाठवावी. पोती मोजकी, माल जास्त. जाता जाता, अ‍ॅस्पराजिन हे शोधलं गेलेलं पहिलंच अमिनो आम्ल, १८०६ मध्ये फ्रान्समध्ये, अ‍ॅस्पॅरॅगसच्या रसातून, म्हणजे आपल्या शतावरीच्या भाऊबंदातून. नावही तिथूनच आलं.

हा रस डोळ्यांनी बघता येतो. ओलाव्यावर असलेलं सोयाबीनचं एखादं झाड सकाळी जमिनीपासून दोन-तीन बोटं वर धारदार ब्लेडनं कापा, खुंटावर रबरी नळीचा तुकडा चढवा. थोड्या वेळात नळीत स्वच्छ थेंब जमतो. पानं नाहीत, ओढणारं कुणी नाही, तरी मूळ खालून ढकलतंय. चव घेतली तर पाण्यासारखीच. बहुतेक पिकांत लिटरभर रसात अमिनो आम्लं ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी असतात. पण पीक दिवसभर केवढं पाणी उडवतं ते बघा. पातळ असला तरी हा रस दिवसभर वाहतो. प्रयोगशाळेत त्याच्यावर निनहायड्रिन टाकून गरम केलं की जांभळा रंग येतो. पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या गुरुजींनी आधी सांगितलं नव्हतं की बोटांच्या घामातही अमिनो आम्लं असतात. दोन दिवस माझे स्वतःचेच ठसे मी मोजत होतो.

वर गेलेलं सगळं वरच राहत नाही. खोडात जलवाहिनीतून काही भाग बाजूच्या रसवाहिनीत उचलला जातो आणि थेट कोवळ्या शेंड्याकडे, घडाकडे वळवला जातो, कारण बाष्पीभवन मोठ्या पानातून जास्त, पण गरज कोवळ्या भागाला जास्त. पानातून रसवाहिनीत साखरेबरोबर अमिनो आम्लं भरली जातात आणि त्यातली काही परत मुळात येतात. रसवाहिनीतला रस दाट असतो, जलवाहिनीतल्याच्या कितीतरी पट. शंकेश्वरासारख्या झाडाचं मूळ याच परतीच्या मालावर बऱ्याच अंशी जगतं. मुळाच्या अगदी टोकाला, जिथे वाहिन्या पुरत्या तयारही झालेल्या नसतात, तिथेही हा वरून आलेला माल उतरतो.

या परतीच्या मालाचं दुसरं काम निरोपाचं. मुळात ग्लुटामाइन साचलं की मूळ नायट्रेट ओढणारे वाहक कमी करतं: वरून माल परत येतोय म्हणजे वर पुरेसं आहे. ऑस्ट्रेलियात जॉन पेट आणि सहकाऱ्यांनी ल्युपिनच्या दोन्ही नळ्यांतला रस मोजून झाडातल्या नत्राची ही ये-जा आकड्यांत मांडली. ती वाचल्यापासून 'मुळं शोषतात, पानं खातात' हे वाक्य मी वर्गात म्हटलेलं नाही.

सोयाबीनकडे वळतो, कारण तिथली गोष्ट निराळी. मुळावरच्या गाठी फोडल्या की आत गुलाबी दिसतं. ते लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं नातेवाईक. आतले जिवाणू हवेतला नत्र अमोनियम करतात, एका नत्राच्या रेणूमागे किमान सोळा एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, खर्चून. जिवाणू स्वतः अमिनो आम्लं करून देत नाहीत. अमोनियम ते झाडाच्या पेशीत सोडतात आणि विरजणाची फेरी तिथे झाड चालवतं. मग हरभरा, वाटाणा, लसूणघास ते अ‍ॅस्पराजिन-ग्लुटामाइन करून वर पाठवतात. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, चवळी मात्र आणखी पुढे जातात. ग्लुटामाइनपासून प्युरिन, त्यापासून युरिक आम्ल, आणि शेवटी अ‍ॅलँटोइन. होय, युरिक आम्ल तेच, ज्यानं आपल्या अंगठ्याचा सांधा सुजतो. अ‍ॅलँटोइनमध्ये चार कार्बनमागे चार नत्र, म्हणजे बारदान आणखी हलकं. आणि हे काम एका पेशीत पूर्ण होत नाही: जिवाणू भरलेल्या पेशीत अर्धं, शेजारच्या जिवाणू नसलेल्या पेशीत उरलेलं. भुईमूग या दोन्ही गटांत नीट बसत नाही. तो मिथिलिन-ग्लुटामाइन नावाचं स्वतःचंच वाहन वापरतो.

याचा शेतीत उपयोग असा, की सोयाबीनच्या खुंटावरच्या रसात अ‍ॅलँटोइनसारखी संयुगं किती आणि नायट्रेट किती हे मोजलं तर पीक नत्र हवेतून घेतंय की तुमच्या खतातून हे कळतं. युरिया जास्त टाकलेल्या प्लॉटमध्ये गाठी दिसतात, पण फोडल्या तर फिक्या किंवा हिरवट.

आणि पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या रानात आठ-दहा दिवस पाणी तुंबलं की सोयाबीन पिवळं पडतं, आणि तेव्हाच अमिनोच्या बाटल्या सगळ्यात जास्त खपतात. काय झालेलं असतं? मुळाला आणि गाठींना प्राणवायू नाही. साखर आहे, पण ती जळत नाही. गाठींचं काम थांबतं, रसात ग्लुटामाइन आणि अ‍ॅलँटोइन घटतं आणि अ‍ॅलानिन वाढतं. श्वास कोंडलेल्या मुळाची ती खूण. अशा मुळाला आणखी अमिनो आम्लं ओतणं म्हणजे धाप लागलेल्या माणसापुढे जेवणाचं ताट सरकवणं. चर काढून पाणी बाहेर घ्या, वाफसा येऊ द्या. (मात्र आधी बघा: वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता, नत्राची नव्हे. नत्र कमी पडला की पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो.)

आता बागेकडे. द्राक्षवेल नत्र साठवते तो मुख्यतः आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या रूपात, मुळात आणि जुन्या लाकडात. सहा कार्बनमागे चार नत्र, साठवणीला उत्तम. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर पान नाही, म्हणजे साखरेचा कारखाना बंद. डोळे फुटतात, पहिली पानं येतात, ती या आर्जिनिनवर आणि मुळातल्या पिठूळ साठ्यावर. फुटवे पाच-सहा पानांचे होईपर्यंत जमिनीतून नत्राची उचल कमीच असते. तेव्हा छाटणीनंतर लगेच मुळाला "खायला" दिलेलं, युरिया असो वा अमिनो, घ्यायला मूळ त्या क्षणी पुरतं तयारच नसतं. त्याच्या हातात असते ती आधीच्या महिन्यांत साठवलेली पुंजी. ती भरते कधी, तर उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर कॅनोपी, म्हणजे वेलीवरचा पानोरा, निरोगी असताना. पावसाळ्यात डाउनी आणि करपा या रोगांनी पानं गेली असतील तर ऑक्टोबरला मूळ उपाशी सुरुवात करतं, आणि त्या वर्षीच्या अशक्त फुटीचं खापर खतावर फुटतं.

शेवटी बाटली. मुळाला बाहेरची अमिनो आम्लं घेता येतात का? येतात, यात शंका नाही. मुळाच्या पेशी प्रोटॉन बाहेर ढकलतात आणि ते आत परतताना अमिनो आम्लाला सोबत घेतात. एलएचटी-१ आणि एएपी-१ हे वाहक यातच काम करतात. आर्जिनिन, लायसिनसाठी एएपी-५ आहे. मुळातून स्वतःची अमिनो आम्लं सतत थोडी बाहेर झिरपतात, आणि ती परत ओढून घ्यायलाही हीच यंत्रणा उपयोगी पडते. १९९८ मध्ये स्वीडनच्या टोर्गनी नॅशहोल्म यांनी कार्बन आणि नत्र दोन्हींना खुणेचे समस्थानिक लावलेलं ग्लायसिन जंगलातल्या जमिनीत दिलं. पाइन आणि स्प्रूसच्या मुळात दोन्ही खुणा एकत्र सापडल्या, म्हणजे रेणू अख्खा आत गेला होता. दुकानदाराच्या माहितीपत्रकात बहुधा असल्याच अभ्यासांचा आधार असतो.

पण ते जंगल थंड. तिथे जिवाणू संथ, नायट्रेट नावालाच, त्यामुळे झाडाला जे मिळेल ते घ्यावं लागतं. तुमच्या रानात, तीस अंशांच्या आसपासच्या ओल्या मातीत अमिनो आम्ल पडलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात. मातीतल्या मोकळ्या अमिनो आम्लाचं आयुष्य तासांत मोजतात. त्यांनी खाल्ल्यावर जे उरतं ते अमोनियम, आणि पुढे नायट्रेट. फिरून तुमच्या युरियाच्याच वाटेवर.

आणि मात्रा. समजा बाटलीवर २० टक्के अमिनो आम्लं लिहिली आहेत आणि एकरी दोन किलो सोडलं. अमिनो आम्लं झाली ४०० ग्रॅम, त्यात नत्र साधारण १६ टक्के, म्हणजे ६४ ग्रॅम. एवढा नत्र १४० ग्रॅम युरियात मिळतो. दोन मुठी युरिया, एकरभर बागेला. "मुळाला तयार अन्न" हे म्हणणं इथेच कोसळतं. बाटलीची किंमत तुम्हाला माहीत आहे, भागाकार तुम्हीच करा.

मग काहीच परिणाम नाही का? अन्न म्हणून नाही, इशारा म्हणून असू शकतो. मोहरीच्या कुळातल्या एका प्रयोगातल्या रोपात मुळाच्या टोकाला अगदी थोडं ग्लुटामेट लागलं तरी मुख्य मुळाची लांबी थांबते आणि बाजूला फांद्या फुटतात. प्रथिनं तोडून केलेल्या अर्कांत अमिनो आम्लांबरोबर छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, असतात, त्यांचा परिणामही काही पिकांत दिसतो. पण तो पीक, जमीन आणि बनवण्याची पद्धत यांनुसार बदलतो. आम्लात उकळून केलेल्या अर्कात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं आणि काही अमिनो आम्लांचं आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं, झाडाला फारसं न चालणारं रूप तयार होतं. विकरांनी तोडलेल्यात हे टळतं. उगीच जास्त मात्रा दिली तर एखादं सुटं अमिनो आम्ल मुळाची वाढ अडवतंही. २०२१ पासून ही उत्पादनं खत नियंत्रण आदेशाखाली जैवउत्तेजक म्हणून येतात, तेव्हा लेबलवर काय कबूल केलं आहे ते वाचायचा तुम्हाला हक्क आहे. 'पांढरी मुळी' हा शब्द तिथे सापडतो का ते जरूर बघा.

बाटली घरात आलीच असेल तर टाकून देऊ नका. बागेत चार ओळी निवडा, एकाआड एक ओळीला द्या, बाकी सगळं सारखं ठेवा, आणि तीन आठवड्यांनी ड्रिपरपासून वीतभर अंतरावर उकरून दोन्हीकडची मुळी शेजारी शेजारी ठेवून बघा. निम्म्या ओळी बाटलीविना ठेवायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, पण त्याशिवाय कळायचं नाही.

मात्र आळवणीच्या आधीच आज एक खड्डा घ्या. छाटणीनंतर पाणी किती सोडताय ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझा संशय तिथेच आहे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रिपरखाली वीत-दीड वीत खोल उकरा. माती मुठीत दाबून चिखलाचा गोळा होत असेल, मुळी तपकिरी असेल आणि साल बोटांनी सोलून निघत असेल, तर पाण्याच्या दोन पाळ्या चुकवा आणि मग पुन्हा उकरून बघा.